मामाजींची गाडी आणि बोडीचं काम

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठेवलात? मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याच्या नाकातून चहा आला आणि वर त्यानं मलाच शर्ट धुवायला लावला. तेव्हापासून मी आधी कप खाली ठेवायला लावतो आणि मगच तोंड उघडतो.

तर मंडळी, मी जे करून ठेवलं ना, ते शत्रूच्या जावयानंही करू नये!

मी मूळचा साताऱ्याकडचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. म्हणजे लोखंड कसं घासायचं, भोक कसं पाडायचं आणि भोक चुकलं तर कानशीला दोष कसा द्यायचा, हे सगळं शिकवतो. बायको रंजना गोंदिया जिल्ह्यातली, गोरेगावच्या पुढच्या एका गावची. दीड वर्षापूर्वी बदली मागून आम्ही गोंदियाला आलो. आता गोंदिया शहरात कसं, हिंदीवर सगळं भागतं. भाजीवाला हिंदी, रिक्षावाला हिंदी, शेजारीण भांडते तीसुद्धा हिंदीत. त्यामुळे इकडची झाडीबोली काही माझ्या अंगात मुरली नाही. सासुरवाडीला गेलो की कुणी काहीही बोललं तरी मी मान हलवून "हो ना, हो ना" म्हणायचो. त्या "हो ना"नंच माझा घात केला.

माझे सासरे. इकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, धानाची शेती, बोलणं कमी आणि जे बोलतील ते थेट. त्यांचा जीव दोन गोष्टींत. एक शेत आणि दुसरी त्यांची पांढरी ॲम्बेसेडर.

साधीसुधी नाही हो, हँडगेअरची! आजकालच्या पोरांना सांगून पटत नाही. गिअरचा दांडा खाली दोन सीटांच्या मध्ये नाही, तर वर, स्टिअरिंगच्या खांबाला, डाव्या हाताशी. पुढं सोफ्यासारखं एकच लांब सीट. रंजना जन्मली तेव्हा दवाखान्यातून याच गाडीतून घरी आली. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुली याच गाडीत बसून, रडून, नाक पुसून सासरी गेल्या.

पण त्या गिअरच्या दांड्याचा बुश गेला होता. बुश म्हणजे दांडा ज्यात बसतो ती बांगडीएवढी कडी. चाळीस वर्षं झिजून झिजून तिचं नुसतं नाव उरलेलं. दांडा दुधाच्या दातासारखा हलायचा. पहिला गिअर टाकायचा तर दांडा वर उचला, पोटाकडे ओढा, जरा थांबा, मग गुडघ्यानं खालून एक ठोसा द्या आणि "हो माय!" म्हणा. यातलं काहीही चुकलं की तिसरा पडायचा. कधी कधी तर पडायचाच नाही, मधेच अडकायचा. मग खाली उतरून, बोनेट उघडून आतल्या सळया हातानं सोडवायच्या.

मामाजींचा खांदा दुखायला लागला. त्यात एकदा गोरेगावच्या बाजारात गाडी पुढं जायची ती मागं आली आणि टमाट्याच्या ढिगात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आम्हीही सासुरवाडीलाच होतो. मामाजींनी घरी येऊन जाहीर केलं.

"रविवारी वैशालीचं साक्षगंध हाय."

वैशाली म्हणजे माझी धाकटी मेहुणी, आणि साक्षगंध म्हणजे आपला साखरपुडा.

"तिरोड्याचे पाहुणे येऊन राहिले. पोरीच्या सासूले गोरेगावच्या स्टँडवरून मी ह्याच गाडीत आनीन. गाडी चालली तं ठेवीन. नाई चालली तं सोमवारी भंगारवाला येऊन राहिला. सांगून ठेवलं मी त्याले."

एवढं बोलून ते बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते उपरण्यानं गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती हो! माझ्या पोटात तुटलं. खरंच तुटलं. आणि पोटात तुटलं की माझं तोंड सुटतं, हा माझा जुना रोग आहे.

मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "मामाजी, मी फिटर आहे. हा गिअर रविवारच्या आत लोण्यासारखा केला नाही, तर मी नावाचा जावई नाही!"

कुणी विचारलं होतं मला? कुणीही नाही!

मामाजींनी माझ्याकडं बघितलं. "जमन?"

"बुश तर मी लेथवर स्वतः बनवतो. बघाच तुम्ही."

बुश बनला. झकास बनला, नायलॉनचा, पांढराशुभ्र. तो घेऊन मी आणि रंजना गुरुवारी सासुरवाडीला दाखल झालो. शुक्रवारी सकाळी मी अंगणात गोणपाट अंथरलं, त्यावर पान्हे मांडले आणि गिअरची सगळी जोडणी खोलली. अहाहा! खोलणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. तासाभरात अख्खी गाडी गोणपाटावर. जुना बुश काढला, नवा बसवला. टक्! असा बसला की मीच माझी पाठ थोपटली.

मग जोडायला घेतलं.

सळया दोन. त्यांच्या टोकाला दोन आखूड पट्ट्या. आता कुठली पट्टी कुठल्या सळईची? तिचं वाकडं तोंड वर होतं की खाली? मी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, तेवढा हुशार आहे मी. पण त्या फोटोंत नव्वद टक्के माझा अंगठा आणि उरलेल्यात कोंबडी!

मामीजी, म्हणजे सासूबाई, ओसरीवरून विचारत होत्या, "झालं का जी जवाईबापू?" मी म्हणत होतो, "होतच आलं!" असं तीन वेळा झाल्यावर मी पान खायच्या बहाण्यानं चौकात गेलो. पानठेलेवाल्याला हळूच विचारलं, "हँडगेअर समजणारा कुणी आहे का हो?"

"डोमाजी मिस्त्री हाय ना! जुन्या गाडीचा तोच एक राह्यला आता." त्यानं नंबर दिला.

मी थेट तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगामागं गेलो, कुणी ऐकू नये म्हणून. आता इथून पुढं नीट ऐका. कारण मी नीट ऐकलं नाही.

"हॅलो, डोमाजी मिस्त्री का? मी अमक्या गावच्या अमक्यांचा जावई."

"हव जी, बोला जवाई! जोरानं बोला, मशीन सुरू हाय इकडं!" मागं प्रचंड घरघर चालली होती. मला वाटलं, ग्राइंडर असेल.

"मामाजींच्या गाडीच्या गिअरचं जरा बघायचं होतं!"

"पाहून देईन ना जी! त्यात का हाय! पन आता बोडीचं काम धरलं हाय. उन्हाळ्यात तेच करतो मी."

बोडी. हा शब्द मामाजींच्याही तोंडून ऐकला होता आणि मी केव्हाच ठरवून टाकलं होतं, की गावाकडं ऑफिसला हापिस म्हणतात, तसं बॉडीला बोडी म्हणतात. म्हणजे डेंटिंग-पेंटिंग! हा माणूस गाडीच्या बॉडीचंही काम करतो! आणि आमच्या ॲम्बेसेडरची बॉडी, काय सांगू, डावीकडून पार चेपलेली, रंगाचे पोपडे निघालेले. डोक्यात एकदम वीज चमकली. गिअर तर करूच, पण रविवारी मामाजींसमोर गाडी नव्या नवरीसारखी उभी करू! बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

पाणी आलंच म्हणा. पण ते नंतर सांगतो.

"मिस्त्री, मग आमच्याही बॉडीचं करून टाका ना!"

"तुमच्या मामाजीची बोडी? मले माहीत हाय ना ते. एका बाजूनं खचली हाय नं?"

"हो हो, डावीकडून! म्हशीनं केलंय ते!" मागच्या वर्षी एक म्हैस दाराला घासून गेली होती.

"म्हशीच करतेत जी! बसून बसून खचवतेत." मला वाटलं, म्हैस गाडीवर बसते असं याला वाटतंय. वाटू दे, कामाशी काम. "किती काढू मंग?"

"सगळं काढा! जुनं जेवढं साचलंय तेवढं खरवडून काढा. खालचं मूळचं दिसलं पाहिजे!"

"मानसं लावू का मशीन?"

"मशीनच लावा हो! माणसांनी कधी व्हायचं? रविवारी साक्षगंध आहे."

"अन् पानी?"

"पाणी अजिबात नको! आधी सगळं कोरडं करा."

"बरं. अन् मासोऱ्या?"

घरघरीत मला नीट ऐकू आलं नाही. गाडीच्या कामात दुसरं काय असणार? मला ऐकू आलं, 'वॉशर'!

"सगळे काढा! चांगले मोठे असतील तेवढे ठेवा बाजूला. बाकीचे गावात कुणाला पाहिजेत तर वाटून टाका!"

पलीकडं मिस्त्रीनं मशीन थांबवलं. घरघर बंद झाली. मग म्हणाला, "जवाई, मामाजीले इचारलं का तुमी?"

"त्यांना सांगूच नका! सरप्राइज आहे. जबाबदारी माझी!"

"पक्कं?"

"एकदम पक्कं!"

"वा जी जवाई!" मिस्त्रीचा आवाज भरून आला. "बाहेरचे असून तुमाले समजलं. नाई तं आमच्या गावातले लोक दहा वर्सापासून नुसते बोलूनच राहिले. उद्या सकारी येतो."

मला जरा नवल वाटलं, की एका गाडीच्या पत्र्याबद्दल अख्खं गाव दहा वर्षं बोलतंय. पण मामाजींचा गावात मान आहे, बोलत असतील. स्तुती ऐकली की माझी विचारशक्ती रजेवर जाते.

आणि त्या आनंदात मी काय केलं माहीत आहे? म्हटलं, आता मिस्त्री गिअर बघायला येईल तेव्हा जोडणी झालेली दिसू दे. नाहीतर फिटरच्या मास्तराची काय अब्रू राहील? अंदाजानं एक पट्टी वर, एक पट्टी खाली, बोल्ट आवळले आणि बोनेट लावून टाकलं. दांडा हलवून बघितला. अजिबात खडखड नाही! सगळे गिअर आपापल्या जागी पडल्यासारखे वाटले. गाडी सुरू करून मात्र बघितली नाही. कशाला उगाच?

शनिवारी सकाळी मामाजी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून साक्षगंधाचा बाजार करायला गोरेगावला गेले. मी अंगणात खुर्ची टाकून, गाडीकडं बघत, मिस्त्रीची वाट बघत बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, मिस्त्रीचा पत्ता नाही.

आणि एकदम रंजना धावत आली. "अवो, उठा! बोडी खोदून राहिले! जेसीबी लावला कोनीतरी!"

मी गाडीकडं बघितलं. गाडी जागच्या जागी. "अगं, कुठं? ही काय इथं आहे!"

"काय इथं आहे?"

"बॉडी!"

रंजनानं माझ्याकडं असं बघितलं, जसं ती फक्त आमच्या लग्नाच्या फोटोकडं बघते. मग तिनं माझा दंड धरला, मला ओसरीवर उभं केलं आणि शेतांच्या पलीकडं बोट दाखवलं. लांब पाळीवर, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधावर, एक पिवळा जेसीबी डोलत होता आणि त्याच्याभोवती अर्धं गाव जमलं होतं.

मंडळी, तुम्ही पूर्व विदर्भातले असाल तर केव्हाच हसायला लागला असाल. नसाल तर ऐका. इकडं शेतातल्या छोट्या तळ्याला बोडी म्हणतात! धानाला पाणी बोडीचं, गुरांना पाणी बोडीचं, मासे बोडीतले. आणि मामाजींचं घराणं तर पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. ही बोडी त्यांच्या पणज्यानं स्वतः पाळ घालून बांधलेली. मी मूर्ख तिला 'तळं' म्हणायचो, आणि ते जेव्हा 'बोडी' म्हणायचे तेव्हा मला गाडी वाटायची! मागच्या पावसाळ्यात मामाजी फोनवर आनंदानं म्हणाले होते, "जवाई, बोडी भरली!" गाडीत पाणी शिरलं समजून मी घाबरून विचारलं होतं, "विमा आहे का?" तर म्हणाले, "हव, पिकाचा हाय." तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला नको होता का?

"रंजना," मी म्हणालो, "एक सांगू का?"

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी सांगतलं त्याले?"

मिस्त्रीला फोन लावला. घरघरीत कोण उचलतो! मोटरसायकल मामाजींबरोबर गेलेली. धावत जायचं तर धानाच्या बांध्यांमधून वळसा घालून मैलभर. अंगणात उभी होती फक्त ॲम्बेसेडर.

किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं, त्याचा काय दोष! रंजना शेजारी बसली. मी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सरळ मागं जाऊन तणसीच्या ढिगात घुसली.

"हे का?" रंजना.

"थांब, समजलं मला!" पट्टी उलटी लागली होती, म्हणून पुढचं मागं आणि मागचं पुढं झालं होतं. मी दांडा मागच्या गिअरच्या जागी टाकला. गाडी गुमान पुढं निघाली! "बघ," मी म्हणालो, "फिटरचं डोकं आहे. फक्त उलटं लक्षात ठेवायचं."

तशी आम्ही निघालो. त्या एकाच गिअरवर, बैलगाडीच्या चालीनं, इंजिन केकाटतंय, मागं कुत्री लागलीत आणि शेजारी बायको एक शब्द बोलत नाहीये. बायको बोलत नाही तेव्हा फार जोरात ऐकू येतं. "थांबा! थांबा!" मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होतो. रस्त्यात बायामाणसं टोपल्या घेऊन पळत होती. त्यांना वाटलं, मी त्यांनाच थांबवतोय, म्हणजे मासे संपत आलेत. ती आणखी जोरात पळायला लागली!

पाळीवर गाडी चढली. चढली आणि कशीबशी थांबली. पुढची चाकं बरोबर आतल्या उताराच्या काठाला. खाली बोडी. पाणी पहाटेच सगळं काढून टाकलेलं, मधे मऊ काळा चिखल आणि त्यात टोपल्या घेतलेलं अख्खं गाव.

"मागं घ्या," रंजना म्हणाली. सकाळपासून तिचा पहिला शहाणा सल्ला.

आणि मी, मंडळी, पंधरा वर्षं गाडी चालवणारा माणूस, घाईत जे कुणीही करेल तेच केलं. दांडा मागच्या गिअरमध्ये टाकला.

मागच्या!

गाडी पुढं निघाली. हळूच, रुबाबात, वरातीसारखी ती पाळ उतरली. लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. एका म्हातारीनं तर हातही जोडले. चिखलात गेली, आणखी थोडी गेली आणि चाकं पार बुडाल्यावर थांबली.

जेसीबी बंद झाला. डोमाजी मिस्त्री वरून वाकून म्हणाला, "जवाई, धुवाले आनली का?"

मी दार ढकललं. उघडेना. खिडकीतून बाहेर आलो आणि गुडघाभर चिखलात उभा राहून ओरडलो, "हे काय केलंत तुम्ही!"

"तुमीच तं सांगतलं नं जी! मशीन लावा, पानी काढा, मासोऱ्या गावात वाटून टाका!" त्यानं बोट दाखवलं. काठावर एका घमेल्यात मोठे मोठे मासे वेगळे काढून ठेवले होते. "चांगल्या मोठ्या होत्या ते ठेवल्या बाजूले. तुमीच म्हनलं."

मासोऱ्या. मासे! वॉशर नाही!

रंजना गाडीतच बसून होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, रडतेय.

तेवढ्यात पाळीवर मोटरसायकल थांबली. मागून मामाजी उतरले, हातात बाजाराची पिशवी.

त्यांनी बोडी बघितली. गाडी बघितली. मग मला बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि पाळीवर बसले. ज्या दोन गोष्टींत या माणसाचा जीव, त्या दोन्ही मी एका फोनवर संपवल्या होत्या. एकीचं पाणी काढलं आणि दुसरीला तिच्यात नेऊन बुडवलं. सोमवारी भंगारवाला येणार आणि गाडी नेणार, आणि तीही माझ्यामुळे. चिखलातून चालत मी त्यांच्यापर्यंत गेलो. "मामाजी, चुकलं," एवढंच म्हणालो. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या नाही हो, माझ्या!

मामाजी खाली बघत होते. मग म्हणाले, "डोमा, किती खोल गेला?"

"तीन फूट जी. खाली पिवरी माती लागली. तुमच्या पंज्याच्या वेरची." इकडं 'ळ'चा 'र' होतो; पिवरी म्हणजे पिवळी, बोडीचा मूळचा तळ.

"पिवरी लागली?" मामाजी उठले. उतरून खाली गेले, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. "दहा वर्स झाले," ते म्हणाले, "आमी चार भाऊ एकमेकाले म्हनून राहिलो, तू गार काढ, तू गार काढ. कोनी काढला नाई." गार म्हणजे गाळ. मग माझ्याकडं वळले. "जवाई, बोडी तं साजरी, चांगली केली तुमी. पन गाडी कायले आनली आत?"

आता गाव हसायला लागलं. रंजनाही! पदराआड ती सुरुवातीपासून हसतच होती, मला काय माहीत!

जेसीबीला साखळी लावून गाडी वर ओढली. डोमाजीनं बोनेट उघडलं, आत बघितलं. "इंजिन कोरडं हाय. तुमीच पानी काढाले लावलं म्हून वाचली हे." मी जरा ताठ झालो. त्यानं दांडा हलवला. "बुश चांगला बसवला हाय. कोनं बनवला?"

"मी," मी म्हणालो. सकाळपासून पहिल्यांदा मान वर झाली.

"पट्टी उलटी कोनं लावली?"

"...मीच."

डोमाजी पान्ह्यानं बोल्ट सैल करत शांतपणे म्हणाला, "माही नात तुमच्याच आयटीआयले हाय, फिटरले. घरी सांगत होती. सरनं सासऱ्याच्या गाडीचा बुश बनवून मांगतला, म्हने. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा साजरा झाला, म्हने."

बनवला म्हणजे काय हो, मास्तरानं बनवून घेतला तरी तो बनवलाच म्हणायचा! हे मी तुम्हाला सांगतोय. तिथं मी पायाचा चिखल पुसायला वाकलो.

पट्टी सरळ करायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी पायाचा चिखलही पुसू शकलो नाही. "बसा जी," तो मामाजींना म्हणाला.

मामाजी बसले. क्लच दाबला. सवयीनं गुडघा वर आला, ठोसा द्यायला, आणि तसाच थांबला. गरजच नव्हती! दोन बोटांनी पहिला पडला. गाडी पाळीवरून निघाली. दुसरा. तिसरा. आवाज नाही, खडखड नाही. पार वडाच्या झाडापर्यंत गेले, वळवली, परत आले. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की आम्ही सगळे दुसरीकडं बघायला लागलो. त्यांनी उपरण्यानं काचेवरचा चिखल पुसला. या वेळी खरंच होता.

"ठेवतो," ते म्हणाले. "नाई विकत."

मग खिशातून मोबाइल काढला. त्यांना तो कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर असतो, आणि अख्ख्या गावाला ऐकू जातो. गोंदियाच्या भंगारवाल्याला फोन लावला.

"सेठ, सोमवारी येऊ नको. गाडी ठीक झाली."

"अरे पटेल, मेरी गाड़ी का फेरा खाली जाएगा! दूसरा कुछ पुराना माल हो तो बोलो ना!"

पटेल म्हणजे पाटील, मामाजींना मानाची हाक. गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेल्या माझ्याकडं त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"जवाई हाय. फिटर हाय. घेतस का?"

"वो बोडी वाला?" सेठ म्हणाला. गोंदियापर्यंत बातमी तासाभरात पोचली होती, बघा! "नहीं पटेल, वो आप ही रखो. उसमें लोहा कम, आवाज़ ज़्यादा है."

सगळं गाव खदखदून हसत होतं, आणि त्या गोंधळातून माझी लग्नाची बायको गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "बाबा, भाव तरी इचारा!"